तांबड्या पेशीची तटबंदी

जुन्नरच्या बाजूला दिवाळी उलटली, की एक देखावा हटकून दिसतो. पारनेर-संगमनेरकडची धनगर मंडळी आपली मेंढरे घेऊन आळेफाटा, ओतूर अशा वाटेने माळशेजच्या रोखाने निघतात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि एखादे लहान मूल, मागेपुढे कुत्री, आणि मध्ये रस्ताभर पसरलेली मेंढरे. वाटेत कुणी शेतकरी बांधावरून हाक घालतो, "काय पाव्हणं, चार रात्री आमच्या रानात मेंढरं बसवा की!" सौदा ठरतो. संध्याकाळी वाघर लागते, मेंढरे आत बसतात, आणि सकाळी ती उठून गेली म्हणजे रानात लेंड्यांचा थर राहतो. पुढच्या पिकाची ती बेगमी असते.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते रक्ताविषयी. रक्तातल्या तांबड्या पेशीविषयी आणि ती फोडणाऱ्या जंतूंविषयी. मग ही धनगरवाट मध्येच कुठून आली, असे तुम्ही म्हणाल. पण या देखाव्यात आपल्या गोष्टीतली सगळी पात्रे हजर आहेत. मेंढी आहे, शेणखताने मातलेली माती आहे, आणि त्या मातीत व त्या मेंढीच्या आतड्यात राहणारा, डोळ्यांना न दिसणारा एक जंतूही आहे. या तिघांनी मिळून शास्त्रज्ञांना एक मोठे कोडे घातले आणि ते सोडवायलाही मदत केली. ते कोडे कसे सुटले, हाच आजच्या भाषणाचा विषय.

आधी तांबडी पेशी म्हणजे काय ते पाहू. धडधाकट माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटर थेंबात अशा सुमारे ५० लाख पेशी असतात. आकार मधोमध दबलेल्या चकतीसारखा. रुंदी एका मिलिमीटरचा सुमारे एकशेतिसावा भाग. आत हिमोग्लोबिन नावाचे लोहयुक्त द्रव्य भरलेले. तेच फुफ्फुसातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवते. साधारण १२० दिवस ही पेशी राबते आणि मग म्हातारी होऊन मोडीत निघते. हिमोग्लोबिन पेशीच्या आत आहे तोवर ते आपले सेवक. पेशी फुटून ते बाहेर सांडले, की तेच मूत्रपिंडाला जाच करू लागते. आणि प्राणवायू वाहून नेणारे कोणी उरत नाही. म्हणजे सारी भिस्त आहे ती पेशीच्या भिंतीवर.

ही भिंत कशाची? जुन्नरचा माणूस या प्रश्नाचे उत्तर शिवनेरीकडे बोट दाखवून देईल. दगडाची, चुन्याची! पण पेशीची भिंत आहे चरबीची. १९२५ साली हॉलंडमध्ये गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी एक सोपा वाटणारा प्रयोग केला. माणूस, कुत्रा, ससा, गिनीपिग, बकरी आणि मेंढी यांच्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतली चरबी काढली, आणि ती पाण्यावर तेलाच्या तवंगासारखी पसरून मोजली. तवंग भरला तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट. म्हणजे भिंत एकेरी नाही, दुहेरी आहे! गंमत अशी, की त्यांच्या मोजमापात दोन चुका होत्या. चरबी पूर्ण निघाली नव्हती, आणि पेशीचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना सावरले आणि निष्कर्ष खरा निघाला.

या भिंतीतला एक मुख्य दगड म्हणजे लेसिथिन. हे नाव १८५० मध्ये गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ठेवले, तेही अंड्याच्या बलकावरून. कारण त्याला ते बलकात सापडले होते आणि ग्रीक भाषेत बलकाला तसाच काहीसा शब्द आहे. लेसिथिनच्या कणाला एक डोके आणि दोन शेपट्या असतात अशी कल्पना करा. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना पाण्याचे वावडे. म्हणून हे कण दोन ओळी करून उभे राहतात, दोन्ही ओळींच्या शेपट्या आत आणि डोकी बाहेर. पंगतीत दोन रांगा पाठीला पाठ लावून बसाव्यात, तशा. अशी ही तटबंदी. पातळ इतकी, की तिची जाडी मिलिमीटरचा एक लाखावा भागही भरत नाही, पण चार महिने ती टिकते.

आता तटबंदी फोडणाऱ्याकडे वळू. इथे इतिहासाने थोडी आडवाट घेतली. पेशीची भिंत कशी तुटते याचा पहिला धागा जंतूंच्या अभ्यासातून मिळाला नाही, सापाच्या विषातून मिळाला.

साप हा जुन्नर-आंबेगावकरांना काही नवा नाही. ऊस, भाताची खाचरे, रात्रीचे पाणी देणे, यांमुळे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांशी गाठ पडते. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी आपल्या भागातला सर्पदंशाचा मृत्यू टळावा म्हणून वर्षानुवर्षे काम केले आहे. घोणस चावली, की मुख्य घात होतो तो रक्त गोठण्याच्या क्रियेचा. म्हणून रुग्णाचे थोडे रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटे हलवायचे नाही आणि मग नळी तिरपी करून पाहायची, ही साधी परीक्षा डॉक्टर करतात. रक्त गोठले नाही, तर विषाने काम सुरू केले आहे असे समजायचे. पण विषात आणखीही काही असते, आणि आपल्या गोष्टीला ते हवे आहे.

१९०२ सालची हकीकत. जर्मनीत फ्रँकफुर्टला एर्लिख यांच्या प्रयोगशाळेत प्रेस्टन काइस नावाचा अमेरिकन संशोधक नागाच्या विषावर काम करीत होता. परीक्षानळीत तांबड्या पेशी घ्यायच्या, त्यांत विष घालायचे आणि पाहायचे. माणसाच्या, कुत्र्याच्या, सशाच्या पेशी फुटल्या. बैलाच्या, बकरीच्या आणि मेंढीच्या मात्र फुटेनात! मग त्याच नळीत थोडे लेसिथिन घातले, आणि मेंढीच्या पेशीही भराभर फुटल्या. हे काय गौडबंगाल? काइसला वाटले, विष आणि लेसिथिन मिळून एक नवेच जालीम द्रव्य तयार होते. त्याला त्याने 'कोब्रा-लेसिथिड' असे नावही देऊन टाकले. पण पुढे इतरांनी तपासले तेव्हा ते द्रव्य म्हणजे केवळ एक शेपटी तुटलेले लेसिथिन निघाले. १९१४ पर्यंत ही गोष्ट पक्की झाली. विष लेसिथिनला चिकटत नव्हते, ते त्याला कातरत होते. आणि ते एकशेपटी उरलेले लेसिथिन साबणासारखे वागते. साबण जसा भांड्याची तेलकटी सोडवतो, तसे ते पेशीची भिंत सोडवते.

म्हणजे विष ही एक कात्री आहे. शास्त्रात अशा कात्रीला एंझाइम म्हणतात, मराठीत विकर. विकर आपल्याला परके नाहीत. बाजरीच्या भाकरीचा घास उगाच चावत बसलात, तर तो हळूहळू गोड लागू लागतो; कारण लाळेतले विकर पिठाची साखर करते. विकराचा खरा गुण असा, की काम करताना ते खर्ची पडत नाही. कापड कापून कात्री संपत नाही. एक तुकडा झाला, की दुसरा. म्हणूनच विकराचे विष थोडे असले तरी पुष्कळ होते.

पण मेंढीच्या पेशी आपल्या आपण का फुटल्या नाहीत, या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी मिळाले नाही. तो प्रश्न बाजूला ठेवून आपण मातीकडे येऊ.

१८९१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे विल्यम वेल्च या रोगचिकित्सकाने एका मृत माणसाचे शवविच्छेदन केले. मृत्यूला थोडेच तास झाले होते, तरी रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे भरले होते! त्या रक्तातून वेल्च आणि नटॉल यांनी एक जाडसर, काठीसारखा जंतू वेगळा काढला आणि १८९२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे पुष्कळ वर्षे त्याला वेल्चचेच नाव होते. आज त्याला क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स म्हणतात. याला हवेतला प्राणवायू सोसत नाही. मातीत तो बीजाणू करून, म्हणजे स्वतःभोवती कवच करून, वर्षानुवर्षे पडून राहतो. गुरामेंढरांच्या आणि माणसांच्या आतड्यात तो सुखाने नांदतो. ऊब, अन्न आणि प्राणवायूचा अभाव या तीन गोष्टी मिळाल्या, की दहाएक मिनिटांत एकाचे दोन होतात. तासा-दोन तासांत केवढी फौज उभी राहते याचा हिशेब तुम्हीच करा.

ही फौज जगाला दिसली ती पहिल्या महायुद्धात. १९१४ साली फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत खंदक खणले गेले. ती जमीन पिढ्यान् पिढ्या शेणखत खाल्लेली, आपल्या मेंढरे बसवलेल्या रानासारखीच. तोफगोळ्याने मांस फाटायचे, कपड्याची चिंधी आणि माती आत जायची, जखम वरून मिटायची, आणि आत प्राणवायू नसलेल्या मेलेल्या मांसात हा जंतू माजायचा. मांस फुगून दाबले तर कुरकुरायचे. वायू भरलेला असे. याला वायुकोथ म्हणतात, इंग्रजीत गॅस गँगरीन. १९१७ मध्ये अमेरिकेत बुल आणि प्रिचेट यांनी दाखवले, की जंतू नुसता मांसात वाढून मारत नाही, तो विष सोडतो, आणि त्या विषावर प्रतिविषही करता येते. पण विष म्हणजे नेमके काय? एक जहाल काहीतरी, एवढेच तोवर ठाऊक होते.

आणि आता, श्रोतेहो, पुन्हा अंड्याचा बलक पुढे येतो. १९३९ साली नॅगलर या संशोधकाच्या ध्यानात आले, की या जंतूचे विष माणसाच्या रक्तद्रवात टाकले तर तो गढूळ होतो. आणि प्रतिविष आधी घातले तर होत नाही. बलकाच्या पाण्याचेही तसेच होते. दुसरे महायुद्ध पेटलेले होते, वायुकोथाची धास्ती होती, आणि हा गढूळपणा कशाने येतो हे कळणे निकडीचे होते. १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये मार्जरी मॅकफार्लेन या विदुषी आणि त्यांचे सहकारी नाइट यांनी ते उलगडले. विष लेसिथिनचे डोके छाटत होते! डोके गेले, की उरलेल्या दोन शेपट्या निव्वळ तेलाच्या थेंबासारख्या होतात. पाण्याशी त्यांचे नाते तुटते, आणि म्हणून पाणी गढूळते. नागाच्या विषाने शेपूट तोडली होती, मातीतल्या जंतूने डोके उडवले. कात्र्या दोन, कापण्याच्या जागा दोन, पण कापड तेच.

या शोधाचे मोल फार मोठे आहे. जंतूचे एखादे विष म्हणजे विकर असते, असे सिद्ध झालेले हे पहिले उदाहरण. तोवर विष हा शब्द थोडा गूढ होता. आता त्याला काम करण्याची जागा, पद्धत आणि वेग आला. जे मोजता येते, त्याच्यावर उपाय शोधता येतो. प्रयोगशाळेत बलक घातलेल्या बशीच्या अर्ध्या भागावर प्रतिविष चोपडायचे आणि जंतूची रेघ दोन्हीकडे ओढायची. एका बाजूला रेघेभोवती पांढुरके वलय उठते, दुसऱ्या बाजूला उठत नाही. एवढ्यावरून जंतू ओळखता येऊ लागला.

आता मेंढीच्या जुन्या प्रश्नाकडे. तिच्या पेशींनी नागाच्या विषाला दाद का दिली नाही? उत्तर पुढे रसायनशास्त्राने दिले. मेंढीच्या तांबड्या पेशीच्या भिंतीत लेसिथिन जवळजवळ नसतेच! त्याच्या जागी स्फिंगोमायलिन नावाचा दुसरा दगड असतो. भिंतीतल्या अशा दगडांपैकी निम्म्याच्या आसपास तोच. नागाच्या कात्रीला तो कापता येत नाही. बाहेरून लेसिथिन घातले, की कात्रीला कापड मिळते, साबण तयार होतो, आणि मग मेंढीची पेशीही फुटते. काइसच्या परीक्षानळीतले गौडबंगाल एवढेच होते. पण मेंढीला पुरती निश्चिंती निसर्गाने दिलेली नाही. मातीतल्या जंतूची कात्री लेसिथिनही कापते आणि स्फिंगोमायलिनही. सापाच्या कात्रीपुढे टिकलेली भिंत तिच्याच आतड्यात राहणाऱ्या जंतूपुढे टिकत नाही.

मेंढीच्या या वेगळेपणाचा फायदा आंबेगावच्या गोठ्यापर्यंत पोचला आहे, तो असा. आंबेगाव तालुक्यात आज दुधाचा धंदा मोठा आहे. मंचरला तर १९९२ पासून मोठी खासगी डेअरीही आहे. दूधवाल्याचा जुना वैरी म्हणजे कासदाह. कास दगडासारखी घट्ट होते म्हणून आपल्याकडे त्याला 'दगडी' म्हणतात. दुधात गुठळ्या येतात, कधी रक्त येते, आणि सड कायमचा जातो. हा रोग करणाऱ्या जंतूंपैकी एक म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्याविषयी १९२० च्या दशकात एक विचित्र गोष्ट आढळली होती. मेंढीच्या रक्ताच्या बशीत तो वाढवला आणि अंगाच्या उबेएवढ्या उष्णतेत ठेवला, तर पेशी धड फुटत नाहीत, नुसत्या काळवंडतात. तीच बशी रात्रभर थंडीत ठेवली, की सकाळी पेशी फुटून बशी स्वच्छ झालेली! १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डोअरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे कारण दाखवले. या जंतूचे विकर फक्त स्फिंगोमायलिन कापते. उबेत भिंत कापली जाते, पण कशीबशी उभी राहते. थंडीने आखडली, की कोसळते. जुन्या वाड्याची भिंत पावसात भिजून उभी असते आणि उघडीप पडल्यावर ढासळते ना, तसेच काहीसे.

आणि गंमत पाहा. हे कारण कळण्याच्या आधीच, १९४४ साली, ऑस्ट्रेलियातच क्रिस्टी, ॲटकिन्स आणि मुंक-पीटर्सन या तिघांनी या अर्धवट कापलेल्या भिंतीचा उपयोग करून घेतला होता. कासदाहाचा दुसरा एक जंतू आहे, स्ट्रेप्टोकॉकस अगॅलॅक्टिए. त्याला ओळखायचे कसे? रक्ताच्या बशीत स्टॅफिलोकॉकसची एक उभी रेघ ओढायची आणि संशयित जंतूची आडवी रेघ तिच्याजवळ आणायची. पहिल्याने भिंत खिळखिळी केलेली असते. दुसरा तिला भोके पाडतो. दोघांच्या सीमेवर बाणाच्या टोकासारखी स्वच्छ जागा उमटते. ती दिसली, की जंतू ओळखला. तिघांच्या आद्याक्षरांवरून तिला कँप परीक्षा म्हणतात. ती पुढे माणसांच्या दवाखान्यांतही गेली, कारण हाच स्ट्रेप्टोकॉकस नवजात बाळालाही ग्रासतो.

मी 'भोके पाडतो' म्हटले ते मुद्दाम. रक्तपेशी फोडणारा प्रत्येक जंतू कात्रीच वापरतो असे नाही. काहींची विषे भिंत कापत नाहीत, तिच्यात बसून आरपार नळी तयार करतात. गडाचा तट सुरुंगाने पडतो, तसा कधी दिंडीतूनही शत्रू आत येतो. पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी पेशी फुटलेलीच दिसते. पण उपाय शोधणाऱ्याला फरक कळावाच लागतो.

पुढच्या काळात शत्रूची ही हत्यारे शास्त्रज्ञांनी स्वतःच हाती घेतली. तांबड्या पेशीच्या भिंतीत कोणता दगड बाहेरच्या ओळीत आहे आणि कोणता आतल्या, हे कसे कळावे? १९७३ साली हॉलंडमधल्या उट्रेख्टच्या मंडळींनी अशीच निरनिराळी विकरे अखंड पेशीवर एकेक करून चालवली. बाहेरून कापले गेले ते बाहेरचे, शाबूत राहिले ते आतले. त्यातून कळले, की माणसाच्या पेशीत लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन हे मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात. एका मातीतल्या जंतूचे विकर तर असे आहे, की त्या एकट्याने माणसाची ताजी पेशी फुटत नाही. स्फिंगोमायलिन कापणारे दुसरे विकर जोडीला दिले, की फुटते. एक कात्री दुसरीला वाट करून देते. विध्वंसाचे साधन असे मोजणीची काठी झाले.

१९९८ मध्ये परफ्रिंजेन्सच्या या मुख्य विषाची घडण क्ष-किरणांनी उलगडली. ३७० घटकांची ही साखळी दोन भागांत दुमडलेली असते. एका भागात कापण्याची जागा, तिथे जस्ताचे अणू बसलेले. दुसरा भाग पेशीच्या भिंतीला चिकटण्यासाठी, आणि त्याला कॅल्शियम लागते. कात्रीला पाते असते, तशी मूठही असते. आणि २००४ मध्ये जपानमधल्या तोकुशिमाच्या संशोधकांनी, पुन्हा मेंढीच्याच पेशी घेऊन, आणखी एक गोष्ट पुढे आणली. या विषाची कात्री सगळी भिंत स्वतः कापत बसत नाही. तिच्या पहिल्या घावांनी पेशीच्या आतली, एरवी शिस्तीत असलेली विकरे जागी होतात आणि आपलीच भिंत तोडू लागतात. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या इतिहासात ही गोष्ट नवी नाही. तट बाहेरून जेवढे पडले, त्याहून फितुरीने दरवाजे अधिक उघडले.

आता तुम्ही विचाराल, हे सगळे कळून आम्हां शेतकऱ्यांना काय? ते सांगून मी थांबतो.

पहिली गोष्ट. जंतू मारणे आणि विष थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पेनिसिलिन आपल्या जिल्ह्यातच तयार होऊ लागले. पेनिसिलिनने परफ्रिंजेन्स मरतो. पण मरण्याआधी त्याने जी कात्री रक्तात सोडली, ती त्याच्याबरोबर मरत नाही. धनी गेला तरी हत्यार चालूच राहते. म्हणून डॉक्टर आज पेनिसिलिनच्या जोडीला, जंतूची विष घडवण्याची क्रियाच बंद पाडणारे क्लिंडामायसिनसारखे औषध देतात आणि मेलेले मांस शस्त्रक्रियेने काढून टाकतात. हा जंतू रक्तात पसरून पेशी फोडू लागला, तर परीक्षेसाठी काढलेल्या रक्ताचा वरचा पिवळसर द्रव लालभडक दिसतो, लघवी काळपट होते, आणि मग हातात दिवस राहत नाहीत, तास राहतात. अशा वेळी उद्या बघू म्हणणे म्हणजे माणूस गमावणे.

दुसरी गोष्ट म्हणूनच जखमेची. विळा लागला, पायात उसाचा बुडखा घुसला, औताचा फाळ बसला, की आपल्याकडे अजून कुणी शेण लावते, कुणी माती दाबते, कुणी चिंधी करकचून बांधते. श्रोतेहो, आत्ताच आपण पाहिले, की या जंतूला माती हवी, शेण हवे आणि हवा नको. आपण त्याला तिन्ही गोष्टी आपल्या हाताने देतो! जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने पुष्कळ धुवा. रक्त थांबवायला स्वच्छ फडक्याने दाब द्या. खोल असेल तर घरी बंद करू नका. दवाखान्यात दाखवा आणि धनुर्वाताची सुई घ्या. धनुर्वाताचा जंतू याच घराण्यातला, त्याच मातीतला. जखमेभोवती सूज भराभर चढू लागली, दुखणे जखमेच्या मानाने फारच वाढले किंवा कातडीखाली कुरकुर लागली, तर रात्र असो की पाऊस, थांबू नका. बाळंतपणात तर नाळ कापण्याचे पाते, हात आणि जागा यांच्या स्वच्छतेवर दोन जीव अवलंबून असतात.

तिसरी गोष्ट मेंढरांची. पहिल्या पावसाने रान हिरवे झाले, की उपाशी मेंढरू कोवळ्या गवतावर तुटून पडते. त्याच्या आतड्यात परफ्रिंजेन्सचा एक भाऊबंद एकदम माजतो आणि चांगली गुबगुबीत कोकरे एका रात्रीत मरून पडतात. हा आंत्रविषार. यातले मुख्य मारक विष निराळे आहे, ते कात्रीचे काम करीत नाही. पण लेसिथिन कापणारी कात्रीही याच्याजवळ असतेच, ती या जंतूच्या सगळ्या जातींत असते. इथे औषधाला वेळच मिळत नाही. उपाय एकच, आधीची लस. पुण्याला औंधच्या पशुजैवपदार्थ निर्मिती संस्थेत ही लस तयार होते. पावसाळ्याआधी ती टोचून घ्यावी, आणि नव्या गवतावर मेंढरे एकदम न सोडता थोडी थोडी चारावीत. जाणते धनगर असे बेताने चारणे पूर्वीपासून पाळत आले आहेत. शास्त्राने त्याचे कारण सांगितले आणि जोडीला सुई दिली.

तर अशी ही तटबंदीची हकीकत. फ्रँकफुर्टच्या परीक्षानळीत मेंढीची पेशी फुटली नाही, आणि कुणीतरी विचारले, का फुटली नाही? त्या एका प्रश्नापासून विषाची कात्री ओळखू येईपर्यंत जवळजवळ ४० वर्षे गेली, आणि तिची मूठ कुठे नि पाते कुठे हे कळायला आणखी ५७. एवढ्या खटाटोपातून आपल्या पदरात पडलेले शहाणपण मात्र तीन शब्दांचे आहे: कात्री सुटण्याआधी आवरा.

उद्या आळेफाट्यापाशी मेंढरांनी वाट अडवली आणि गाडी थांबवावी लागली, तर चिडू नका. आपल्या रक्ताविषयी जगाला जे कळले आहे, त्यातले पुष्कळसे या मुक्या जनावराच्या रक्तातून कळले आहे. त्यांना आधी जाऊ द्या.